खालच्या जागेची खाज आणि पांढरी पडलेली त्वचा: लायकेन स्क्लेरोससचं निदान पायरीपायरीने

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याहून रेफर होऊन आलेल्या पन्नाशी-साठीच्या बाईच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या उलगडल्या, की बहुतेकदा एकच क्रम दिसतो. पहिल्या चिठ्ठीवर बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, दुसरीवर त्याच कामाचं क्लोट्रिमाझोल, तिसरीवर पांढऱ्या पाण्यासाठीचं हिरवं किट, चौथीवर लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या. तक्रार सगळीकडे एकच, खाज. आणि तपासणीत काय दिसलं ती जागा चारही चिठ्ठ्यांवर कोरी.

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी फक्त ८ टक्के बायकांची झाली होती. तेव्हापासून दवाखाने वाढले, किट आली, पण बाहेरून नीट बघण्याची सवय त्या मानाने वाढलेली नाही.

लायकेन स्क्लेरोसस हा योनीच्या बाहेरच्या आणि गुदद्वाराभोवतीच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा, दाहाचा आजार आहे. तो संसर्गजन्य नाही. पाळी येण्याआधीच्या मुली आणि पाळी गेलेल्या बायका या दोन वयोगटांत तो जास्त दिसतो, पण मधल्या वयात होत नाही असं नाही. वेळेत ओळखला तर मलमाने आटोक्यात राहतो. दुर्लक्ष झालं तर आतले ओठ विरघळल्यासारखे नाहीसे होतात, शिश्निका (क्लिटोरिस) त्वचेखाली गाडली जाते, योनीचं तोंड आवळतं. शंभरात पाचाहून कमी बायकांत पुढे त्याच जागी कॅन्सर होऊ शकतो. निदान बहुतेक वेळा निव्वळ डोळ्यांनी होतं, त्यामुळे यंत्र नाही ही सबब इथे चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसी) वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आणि ग्रामीण रुग्णालयात ओपीडी बघणाऱ्यांनी पुढचा क्रम पाळावा.

## १. तपासणीआधीची तयारी

पीएचसीत तपासणीचं टेबल बहुधा लेबर रूममध्येच असतं. तिथे बाळंतपण चालू असेल तर दुसरी वेळ द्या, पण तारीख आणि वार सांगून द्या. "नंतर या" म्हटलं की सोयाबीनची सोंगणी लागते, मग कापसाची वेचणी, आणि बाई थेट उन्हाळ्यात येते.

सिस्टर सोबत हवीच, डॉक्टर बाई असल्या तरी. आशाताई घेऊन आली असेल तर तिला आत ठेवायचं की बाहेर, हे पेशंटला एकटीला विचारा. आशा त्याच गावची असते आणि तिच्यासमोर सगळंच बोलता येतं असं नाही. सासू, सून, नवरा यांना बाहेर बसवा.

ट्रेमध्ये इतकं हवं: हातमोजे, सलाईनने ओला केलेला गॉज, कापसाच्या काड्या, काचेची स्लाइड, मिलिमीटरची पट्टी, हातातलं भिंग, छोटा आरसा, लहान मापाचं स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन), जेली आणि कोरा कागद. सगळ्यात महत्त्वाचा उजेड. डोक्याला बांधायचा टॉर्च दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलचा टॉर्च सिस्टरच्या हातात दिला, तर तो कुठे पडेल ते सिस्टर ठरवते, आणि बाईला वाटतं फोटो निघतोय.

सावधान: पेशंट येताना तेल, पावडर, मलम लावून येते. "डॉक्टरकडे जायचं" म्हणून काही जणी डेटॉलच्या पाण्याने धुऊनही येतात. आधी भेट ठरली असेल तर त्या दिवशी काहीही लावू नका असं सांगून ठेवा. नसेल तर ओल्या गॉजने हलक्या हाताने पुसून मगच बघा. पुसून निघून जातो तो पांढरेपणा लायकेनचा नव्हे.

## २. आधी ऐका

खालची खाज घेऊन बाई क्वचितच येते. येते ती कंबर दुखते म्हणून, "आंगात गर्मी झाली" म्हणून, नाहीतर "पांढरं पानी जाते" म्हणून. यातला "पांढरं" शब्द कानावर पडला की आपला हात किटकडे जातो. तो आवरा आणि मावशी, काकू, आजी, जे नातं बसेल त्याने हाक मारून हे विचारा:

खाज आहे का, आणि कधी जास्त? लायकेनची खाज रात्री जोर धरते. "रातभर खाजोते, झोपच येत नाई" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. खाज नेमकी आत की बाहेर? बोट ठेवून दाखवायला सांगा. लाजत असेल तर कागदावर चित्र काढून त्यावर दाखवू द्या.

लघवी करताना आग होते का? इथे एक उपप्रश्न चुकवू नका: आग आतून उठते, की लघवी बाहेरच्या त्वचेला लागून झोंबते? दुसरं उत्तर आलं आणि लघवीची तपासणी वारंवार स्वच्छ येत असेल, तर अँटिबायोटिक थांबवून त्वचा बघा.

शौचाला त्रास, चिरा पडणं, रक्त. संबंधाच्या वेळी दुखणं, आणि त्यामुळे घरात कटकट. हा प्रश्न साठीच्या बाईला विचारायचा नाही असं आपणच ठरवून टाकतो. विचारलं तर बहुतेक जणी उत्तर देतात, काही तर त्याच प्रश्नाची वाट बघत असतात.

पाळी कधी गेली? गर्भाची पिशवी काढली आहे का, अंडाशय ठेवले की काढले? खाज आणि पांढरं पाणी या तक्रारीवरूनच पिशवी काढायला गेलेल्या बायका भेटतात, आणि पिशवी गेली तरी खाज तशीच असते. शुगर, थायरॉइड, अंगावर कुठे कोड, केस जाऊन पडलेली चाई, घरात कोणाला असले आजार, हेही विचारा. लायकेनच्या पेशंटमध्ये थायरॉइडचे आणि इतर स्वयंप्रतिकारी आजार नेहमीपेक्षा जास्त सापडतात.

शेवटी, आतापर्यंत काय काय लावलं? "काही नाही" हे पहिलं उत्तर असतं. थांबा. मग कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, तुरटी, हळद, खोबरेल, कपड्याचा साबण असं एकेक बाहेर येतं, आणि सगळ्यात शेवटी "मेडिकलवाल्यानं देल्ली थे ट्यूब". ट्यूब आणायला सांगा किंवा घरून नाव कळवायला सांगा. गजकर्णासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांत कडक स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. ते लावून चार दिवस बरं वाटलं, सोडलं की पुन्हा उठलं, ही माहिती निदानाला उपयोगी आहे. आजार स्टेरॉइडला दबतो, एवढं त्यातून कळतं. शिवाय त्या मलमामुळे आजचं चित्र अर्धवट पुसलेलं असू शकतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

पुढे जाण्याआधी: काय करणार, कुठे हात लावणार, दुखलं तर "थांबा" म्हणायचं, हे तिच्या भाषेत सांगितलं का? संमती घेऊन कागदावर लिहिली का?

## ३. बघण्याचा क्रम

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्यातली मोठी चूक चांगल्या हेतूने होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सर तपासणीच्या शिबिरात बाई टेबलावर येते, आपण थेट स्पेक्युलम घालतो, ॲसेटिक ॲसिड लावतो, गर्भाशयमुख बघतो आणि उतरवतो. ज्या त्वचेवर आजार आहे तिच्यावरूनच स्पेक्युलम आत गेलेलं असतं. स्पेक्युलम हातात घेण्याआधी अर्धा मिनिट बाहेरून बघा. दुसरं म्हणजे, शिबिरातली ही कॅन्सर तपासणी ३० ते ६५ वयासाठी आहे. लायकेनच्या कितीतरी बायका त्यापुढच्या. सत्तरीच्या आजीला शिबिरात कोणी बोलावत नाही, ती ओपीडीतच सापडणार.

गुडघे धरलेल्या आजीला पाय वर बांधायला लावू नका. डाव्या कुशीवर, वरचा पाय पोटाशी घेऊन झोपवलं तरी सगळं दिसतं.

आता वरून खाली, बाहेरून आत:

(क) जांघा आणि ओटीपोटाखालचा केसांचा भाग. जांघेतल्या गाठी दोन्ही बाजूंना चाचपून बघा. गजकर्णाची कड दिसते का?

(ख) बाहेरचे मोठे ओठ. रंग, जाडी, खाजवल्याचे ओरखडे.

(ग) दोन बोटांनी मोठे ओठ अलग करा आणि मोठ्या व लहान ओठांमधली खाच बघा. लायकेन इथून सुरू होताना अनेकदा दिसतो. ही खाच उघडलीच नाही तर सुरुवातीचा आजार दिसत नाही.

(घ) लहान ओठ. प्रत्येक ओठ वरपासून खालपर्यंत बोटांत धरून बघा. कड कुठे संपते? मोठ्या ओठाला चिकटून सपाट झाली आहे का? एका बाजूचा ओठ शाबूत आणि दुसऱ्या बाजूचा अर्धा, असंही असतं. "वयामुळे बारीक झाले असतील" म्हणून सोडू नका. वयाने ते बारीक होतात, पण चिकटून सपाट होणं वेगळं.

(च) शिश्निकेवरची घडी हलकेच मागे सरकते का? टोक दिसतं का, की वरून त्वचेने झाकलं आहे? ओढाताण नको.

(छ) योनीचं तोंड आणि त्याची खालची कड. बारीक चिरा बहुतेक इथेच, घड्याळ कल्पलं तर सहाच्या काट्यावर. तोंड किती उघडतं? एक बोटही दुखत असेल तर आत जाऊ नका.

(ज) मधला भाग आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा. कुल्ले दोन्ही हातांनी बाजूला करून बघा. हा भाग राहून जातो, कारण तोवर आपण हातमोजे काढायला लागलेले असतो. योनीभोवती आणि गुदद्वाराभोवती पांढरं कडं, मधे जोडणारा अरुंद पट्टा, असा इंग्रजी आठचा आकार सापडला तर निदान जवळजवळ झालंच.

(झ) मग तोंड, हिरड्या, गालाची आतली बाजू. आणि अंग: पाठीचा वरचा भाग, स्तनांखाली, मांड्या, कमरेला साडीच्या गाठीचा पट्टा जिथे रुततो ती जागा. दहा-पंधरा टक्के पेशंटना इतरत्रही चट्टे असतात.

(ट) स्पेक्युलम सगळ्यात शेवटी, सोसत असेल तर, लहान मापाचं. लायकेन स्क्लेरोसस योनीच्या आत जात नाही. आत लालभडक, सोललेलं, हात लावताच रक्त येणारं दिसलं, तर दुसऱ्या आजाराचा विचार करा.

सावधान: चिरा असलेल्या त्वचेवर ॲसेटिक ॲसिड लावू नका. भयंकर झोंबतं, आणि बाहेरच्या त्वचेवर पांढरं उमटलं तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

## ४. सावळ्या त्वचेवर काय शोधायचं

पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. आपल्याकडे पांढरेपणा उलट ठळक उठतो, पण लाली दिसत नाही. ती जांभळट किंवा नुसती गडद वाटते. म्हणून रंगावर थांबू नका, पोत बघा.

लायकेनची त्वचा हस्तिदंती पांढरी, किंचित चमकणारी असते. दोन बोटांनी हलकेच जवळ आणली की कांद्याच्या पापुद्र्यासारख्या बारीक सुरकुत्या पडतात. उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाका, सुरकुत्या लगेच उठून दिसतात. काही ठिकाणी उलट, खाजवून खाजवून त्वचा जाड आणि खरखरीत झालेली असते. एकाच पेशंटमध्ये दोन्ही सापडतात.

त्वचेखाली साकळलेल्या रक्ताचे ठिपके ही फार कामाची खूण आहे, आणि सावळ्या त्वचेवर तीच सुटते. ते काळपट-तपकिरी दिसतात, तीळ वाटतात. काचेची स्लाइड ठेवून दाबा. लाली दाबाने फिकी होते, साकळलेलं रक्त होत नाही. काळा डाग दाबूनही तसाच आणि पुढच्या भेटीलाही तसाच राहिला, तर तो रक्ताचा नसावा. त्याची बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, लागते.

सुरुवातीच्या आजारात यातलं फारसं काही नसतं. थोडा फिकेपणा, थोडी सूज, आणि बाई सांगते ती खाज. अशा वेळी "नॉर्मल" न लिहिता जे दिसलं ते लिहा आणि सहा आठवड्यांनी बोलवा.

पुढे जाण्याआधी: पांढरेपणा, पोत, रक्ताचे ठिपके, चिरा, आकार बदलणं आणि गुदद्वाराभोवतीचा भाग, या सहांची आहे-नाही नोंद झाली का? कागदावर घड्याळ काढा, शिश्निका बारावर, योनीच्या तोंडाची खालची कड सहावर, आणि जे दिसलं ते त्या-त्या काट्यावर मिलिमीटरसह भरा. पुढच्या भेटीला हेच चित्र फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतं. फोटो काढायचाच असेल तर लेखी संमती हवी, चेहरा आणि ओळख नको, आणि स्वतःच्या फोनमधून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको.

## ५. सारखे दिसणारे आजार

कोड. विदर्भात पांढरा डाग म्हटलं की घरच्यांना दोनच गोष्टी सुचतात, कोड नाहीतर महारोग. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कड स्पष्ट, पण त्वचेचा पोत जसाच्या तसा, खाज नाही, ओठांचे आकार शाबूत. हात, ओठ, डोळ्यांभोवती बघा. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, त्यामुळे कोड सापडलं म्हणून पोत बघणं टाळू नका.

कुष्ठरोग. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात ही शंका रास्तच. पण कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पांढराशुभ्र नसतो, तो खाजत नाही आणि तिथली संवेदना कमी होते. अंगावर दुसरे चट्टे, जाड झालेल्या नसा बघा. काही नसेल तर पेशंटला आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना स्पष्ट सांगा की हा तो आजार नाही. हे एक वाक्य कधी कधी मलमापेक्षा जास्त काम करतं.

बुरशी. लाल, सुजलेली त्वचा, दह्यासारखा स्राव. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पाळी गेलेली, शुगर नसलेली, इस्ट्रोजेनची औषधं न घेणारी बाई असेल तर बुरशीचं इन्फेक्शन सहसा होत नाही. अशा बाईला तिसऱ्यांदा फ्लुकोनॅझोल लिहिण्याची वेळ आली, तर निदान चुकलं आहे असं धरून चाला.

नुसती खाजवून जाड झालेली त्वचा. मोठ्या ओठांवर, चामड्यासारखी, रेषा ठळक, अनेकदा गडद. ओठ विरत नाहीत. मात्र तिच्याखाली लायकेन दडलेला असू शकतो. खाज आटोक्यात आल्यावर पुन्हा बघा.

लायकेन प्लेनस. नावामुळे गोंधळ होतो. यात खाजेपेक्षा दुखणं जास्त, योनीच्या तोंडाशी लाल सोललेला भाग, कडेला जाळीदार पांढऱ्या रेषा, योनीच्या आतही आजार आणि तोंडातही. म्हणून गाल आणि हिरड्या बघायला सांगितलं.

पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा. आतली त्वचा फिकी, पातळ, कोरडी. बाहेरची हस्तिदंती चमक नाही. दोन्ही एकत्र असतात, पण एकट्या इस्ट्रोजेन क्रीमने लायकेन बरा होत नाही.

गजकर्ण, खरूज आणि साबण-डेटॉलची ॲलर्जी यांचा विचार करून पुढे व्हा.

## ६. कोणत्या तपासण्या, कोणत्या नाहीत

साखर सगळ्यांची. स्राव किंवा खवले असतील तर बुरशी बघायला केओएच स्लाइड. थायरॉइडची लक्षणं किंवा घराण्यात आजार असेल तर टीएसएच. लैंगिक संसर्गाची शंका असेल तर एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी, समुपदेशनासह. बस. लायकेन स्क्लेरोसस दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. अँटिबॉडीच्या महागड्या पॅनेलसाठी बाईला शहराच्या लॅबला पाठवू नका.

## ७. बायॉप्सी: कधी, कुठून, कशी

चित्र स्पष्ट असेल तर बायॉप्सीशिवाय उपचार सुरू करता येतो. "बायॉप्सी नाही म्हणून उपचार नाही" ही अडवणूक जितकी चुकीची, तितकंच गाठ दिसत असताना मलम देत बसणंही.

बायॉप्सी हवीच, जर: चित्र अर्धवट असेल, जखम भरत नसेल, गाठ, कडकपणा किंवा जाड पांढरा थर असेल, नवा काळा डाग असेल, किंवा मलम नीट लावूनही फरक नसेल. जांघेत टणक गाठ आणि बाहेर जखम असं दोन्ही असेल तर पीएचसीत हात घालू नका. वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात पाठवा, तेही फोन करून.

ग्रामीण रुग्णालयात करत असाल तर ४ मिलिमीटरचा पंच (त्वचेचा गोल तुकडा कापायचं साधन) पुरतो. जागा निवडणं हाच खरा निर्णय आहे. जखमेच्या मधोमध घेतलेल्या तुकड्यात नुसता सडका भाग येतो. कड घ्या, थोडी शेजारची त्वचा येऊ द्या. जखम नसेल तर सगळ्यात पांढरा, सुरकुतलेला भाग. दोन जागा वेगळ्या दिसत असतील तर दोन तुकडे, दोन बाटल्या. शिश्निका आणि लघवीचं तोंड टाळा.

भूल लिग्नोकेनची, इन्सुलिनच्या सिरिंजने दिली तर सुई बारीक असल्याने कमी दुखतं. थोडं थांबा, सुईच्या टोकाने तपासा, मगच पंच फिरवा. तुकडा चिमट्यात चिरडू नका, बुडाशी कात्रीने कापा. दाबून रक्त थांबलं नाही तर विरघळणारा एक टाका.

सावधान: तुकडा सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकू नका. १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या किमान दहापट. फॉर्मॅलिनची बाटली समोर आल्याशिवाय भूलच देऊ नका.

कडक स्टेरॉइड चालू असेल तर शक्यतो दोन-तीन आठवडे थांबवून बायॉप्सी घ्या. कॅन्सरची शंका असेल तर एक दिवसही थांबू नका. फॉर्मवर वय, खाज किती दिवसांची, कुठून घेतलं, कोणतं मलम कधीपर्यंत लावलं आणि तुमची शंका काय, हे लिहा. "व्हल्वा बायॉप्सी" एवढंच लिहिलं की उत्तरही तेवढंच येतं.

रिपोर्टमध्ये वरचा थर पातळ झालेला, त्याखाली कोलॅजनचा एकसंध, काचेसारखा पट्टा आणि त्याच्या खाली लिम्फोसाइट पेशी, असं असेल तर निदान पक्कं. "दीर्घकालीन दाह, विशेष काही नाही" असं आलं, तरी लायकेन नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. डोळ्यांना चित्र स्पष्ट दिसत असेल तर डोळ्यांवर भरवसा ठेवा.

## ८. लहान मुलगी असेल तर

आई सांगते, "पोरगी सारखी खाजवते, संडासला रडते." जंताचं औषध दोनदा होऊन गेलेलं असतं. जंतांची खाजही रात्रीच असते, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. पण गुदद्वाराभोवती चिरा असल्या की मूल शौच धरून ठेवतं, बद्धकोष्ठ होतं आणि चिरा वाढतात.

आईच्या मांडीवर, पाय बेडकासारखे दुमडून बघा. स्पेक्युलम नाही, बोट आत नाही, आणि चित्र नेहमीचं असेल तर बायॉप्सीही नाही.

रक्ताचे ठिपके बघून लैंगिक अत्याचाराची शंका येते. ती घाईने बोलून दाखवू नका, आणि लायकेन सापडला म्हणून ती शंका सोडूनही देऊ नका. दोन्ही एकत्र असू शकतात. लायकेन योनिपटलाला इजा करत नाही. तिथे जखम, लैंगिक संसर्ग, किंवा मुलीने स्वतः काही सांगितलेलं असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. तसं काही नसेल तर आईला स्पष्ट सांगा की हा त्वचेचा आजार आहे. पाळी आली की आपोआप जाईल असं वचन देऊ नका. पुष्कळ मुलींत तो पुढेही राहतो.

## ९. सांगणं, सुरू करणं, तिसऱ्या महिन्यात पुन्हा बघणं

आरसा हातात द्या आणि तिला तिची जागा दाखवा. पुष्कळ जणींनी ती कधी बघितलेलीच नसते. मलम कुठे लावायचं हे आरशाशिवाय सांगितलं, तर ते मांडीला लागतं नाहीतर आत जातं. लागण होत नाही, अस्वच्छतेने होत नाही, नवऱ्याकडून आलेला नाही, ही तीन वाक्यं न विचारता सांगा. बऱ्याच वेळा नवऱ्यालाही आत बोलावून, तिच्या परवानगीने, तीच सांगावी लागतात.

मलम कडक स्टेरॉइडचं: क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, क्रीम नको, ऑइंटमेंट. पहिले चार आठवडे रोज रात्री, पुढचे चार आठवडे एक दिवसाआड, नंतर चार आठवडे आठवड्यातून दोनदा. बोटाच्या पेरभर, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, एका वेळेला. ३० ग्रॅमची ट्यूब बारा आठवडे पुरायला हवी. महिनाभरात संपली तर जास्त लागतंय, तीन महिन्यांनी अर्धी उरली तर घाबरून कमी लागतंय. ट्यूबवरची सूचना वाचून केमिस्ट "हे नाजूक जागी लावू नका" म्हणतो आणि बाई घाबरून सोडते. म्हणून चिठ्ठीवर जागा आणि मुदत मराठीत लिहा. साबण, डेटॉल, तुरटी बंद. धुवायला नुसतं पाणी, वर पातळ पेट्रोलियम जेली.

बारा आठवड्यांनी ट्यूबसह बोलवा आणि घड्याळाचं जुनं चित्र समोर ठेवून क्रम क ते ट पुन्हा करा. खाज, चिरा आणि रक्ताचे ठिपके गेलेले असावेत. त्वचा मऊ झालेली असावी. विरलेले ओठ परत येत नाहीत आणि पांढरेपणाही पूर्ण जात नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर "फरक नाही" म्हणून ती दुसरीकडे जाईल.

फरक खरंच नसेल तर आधी ट्यूब दाबून बघा, किती उरली. मग आरसा देऊन तुमच्यासमोर लावायला सांगा. दोन्ही बरोबर असेल आणि तरी एखादी जागा जाड, खरखरीत किंवा उघडी असेल, तर त्या जागेची बायॉप्सी त्याच आठवड्यात व्हायला हवी. सगळं शांत असेल तर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा बोलवा, आणि मधे गाठ, न भरणारी जखम किंवा नवी चीर हाताला लागली तर तारखेची वाट न बघता यायला सांगा.